बस्त्यांव मास्तर आणि जगाचा शेवट

बस्त्यांव मास्तरांच्या घरी दारामागे सैतान टांगलेला असे. त्याच्या शेजारी सात कर्णे, पलीकडे चार घोडेस्वार आणि कोपऱ्यात, जागा कमी म्हणून जरा दाटीने, चोवीस वडील.

घाबरू नका. हे सगळे कागदाचे कपटे. बायबलातलं जे शेवटचं पुस्तक, त्यातल्या भयंकर दृष्टान्तांचा मास्तर वीस वर्षं अभ्यास करत होते. वाचताना सुचेल ते कपट्यावर लिहायचं आणि विषयवार माडाच्या हिरात ओवून ठेवायचं, ही त्यांची पद्धत. मी याद्या करणारी बाई. वाण्याची यादी, परटाची यादी, मुंबईला नवऱ्याला काय धाडायचं त्याची यादी. त्यामुळे मालवणात मला मनापासून पटलेला माणूस हा एकच. सैतान मागितला तर डोळे मिटून काढून देत.

मास्तर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. आमच्या कुंपणापलीकडे एकटेच राहत. ओटीवर तेच पुस्तक मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजी, असं तीन भाषांत उघडं पडलेलं असे. समुद्राच्या वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक धोंडा.

पाद्रींना हा नाद पसंत नव्हता. एकदा कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "मास्तरांनू, तुमी आपली माळ घेवन रोझार म्हणा. त्या पशूंच्या मागे कित्याक लागल्यात?"

"मी खंय? तेच माझ्या मागे लागलेत," मास्तर म्हणाले.

त्या पुस्तकात पशूचा एक आकडा आहे, सहाशे सहासष्ट; ज्याच्या नावातल्या अक्षरांची बेरीज तेवढी, तो पशू. हे गावात फुटल्यावर लोक यायला लागले. वरच्या वाडीतला एकजण तर भावाचं नाव कागदावर लिहूनच घेऊन आला.

"मास्तरांनू, हेची बेरीज करा बघू. सहाशे सहासष्ट येतलीच."

"आदी सांग, पत्र कोणाक?"

हा मास्तरांचा ठरलेला प्रश्न. त्यांच्या मते ते पुस्तक म्हणजे पत्र. बेटावर अडकवून ठेवलेल्या एकाने ते समोरच्या मुलखातल्या सात लहान ख्रिस्ती मंडळ्यांना धाडलेलं. तिथले लोक बादशहाच्या धाकात. पत्र पकडलं जाऊ नये म्हणून बादशहाचं नाव आकड्यात लपवलेलं.

"लिवणाऱ्याक तुझो भाव ठावक नव्हतो," मास्तर म्हणाले, "आणि तुमच्या कुंपणाचा भांडणय ठावक नव्हता. घराक जा."

मग बासष्ट साल आलं आणि आठ ग्रह एका राशीत जमणार, जग बुडणार, अशी हाकाटी झाली. देवळात जप सुरू झाले. चाकरमानी रजा टाकून गावी आले, मरायचं तर गावात म्हणून. आमच्या सासूबाईंनी आपल्या पाचही कोंबड्या वाटून टाकल्या आणि जेवण बंद केलं. हृदयाच्या गोळ्याही बंद.

"मरूचाच आसा तर पोट कित्याक भरूचा?" म्हणाल्या. "भरल्या पोटान वर चडाक जमाचा नाय."

चौथ्या दिवशी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ग्रह यायच्या आधीच या जातील." मी यादी केली. डॉक्टर झाले. भटजी झाले. नणंद रडून झाली. खाली एकच नाव उरलं. जगाच्या शेवटाचा जाणकार कुंपणापलीकडे असताना मी आधी तिकडे का गेले नाही, याचा मला अजून राग येतो.

मास्तर दुपारी आले. हातात एकही कपटा नाही. सासूबाईंच्या खाटेशी बसले.

"मास्तरांनू, तुमी शिकललो माणूस. जग बुडतला मा?"

"वयनी, तारीख सांगणारे मी खूप वाचलंय. त्यांच्यो तारखो गेल्यो, तेय गेले. जग आसा."

"मगे तुमच्या पुस्तकात इतक्यो आगी कित्याक?"

"आगी मदल्या पानांर. लोक आदीच भियेलले, तेंका खोटा कसा सांगूचा? पण शेवटच्या पानार झाड आसा, पाणी आसा, आणि दार सदाच उघडा."

"दार उघडा? मगे कुत्रे भुतूर येतले!"

"कुत्रे भायर म्हणान लिवलाहा," मास्तर आनंदाने म्हणाले. वीस वर्षांत हा मुद्दा कुणी काढला नसावा.

सासूबाईंना लिहिणारा माणूस शहाणा वाटला. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "ह्या तुमका खरा वाटता, की माका जेवूक घालूक सांगतास?"

मी स्वयंपाकघरात पेज ढवळत होते, ती ढवळायची थांबले.

"आमची नातालीन, माझी बायल, तापान पडलेली," मास्तर म्हणाले. "कोण एक फिरतो उपदेशक इलो आणि हीच मदली पाना वाचून गेलो. ती माका इचारी, 'हा खरा काय?' मी गणिताचो मास्तर, माका काय म्हायत? गप रवलंय. ती भियेतच गेली. मगे वाचूक लागलंय."

मग सासूबाईंचा जुना, खणखणीत आवाज आला, "सुनबाय, पेज हाड गो. दोगांक. मास्तर जेवल्लो दिसणा नाय."

त्यांनी दोन वाट्या पेज घेतली, वर सुका बांगडा, वर गोळी. मला इतकं हलकं वाटलं की मी वाट्या घासायलाच विसरले.

पुढे ग्रह आले नि गेले. दुसऱ्या सकाळी सासूबाई काठी घेऊन कोंबड्या परत मागायला निघाल्या. चार मिळाल्या, पाचवी जगाच्या शेवटाआधी शिजली होती, त्यावरून झालेलं भांडण पावसाळ्यापर्यंत पुरलं.

पण मला आठवते ती त्या दुपारचीच गोष्ट. मास्तर गेल्यावर त्यांना थोडे बांगडे द्यावेत म्हणून मी कुंपणाशी गेले. ते पायरीवर पाठमोरे बसले होते. पुस्तकं आत, ओटी मोकळी. हलक्या आवाजात कुणाशी तरी बोलत होते. मला वाटलं, पाद्री आले असावेत.

अंगणात कुणी नव्हतं.

"ती जेवली गो, नातालीन," मास्तर म्हणत होते. "दोन वाट्यो जेवली."