विश्रांतीच्या खोलीचे नियम

गुनवोर लिंडमार्क हिला डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा थोडा योग करायला सांगितला होता. गुनवोर नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरीला. मागच्या वसंतात ती किराणा दुकानात दुधाच्या कपाटासमोर उभी राहिली आणि आपण इथे कशाला आलो हे काही केल्या आठवेना, म्हणून तिथेच रडू लागली. पुढे कितीतरी महिने ती आजारपणाच्या रजेवर होती. पुन्हा तसं होऊ नये एवढीच तिची इच्छा होती. पण कुठलंही काम अर्धवट करायचं नाही हे वळण लहानपणापासूनचं. त्यामुळे तिने योग करण्याऐवजी योगशिक्षक होण्याच्या निवासी अभ्यासक्रमातच नाव घातलं.

दालार्ना प्रांतातल्या एका तळ्याकाठी, बंद पडलेल्या शाळेत हा अभ्यासक्रम चाले. पहाटे प्राणायाम, मग आसनं, मग शरीरशास्त्र, मग पुन्हा आसनं, आणि संध्याकाळी मन मोकळं करण्याचं वर्तुळ. मन मोकळं झाल्याशिवाय त्यातून उठता येत नसे. ‘स्वतःची काळजी’ हा सक्तीचा विषय होता आणि त्यात नापास होणाऱ्याला प्रमाणपत्र मिळत नसे. विषय शिकवणारा टॉर्केल पूर्वी एका कारखान्यात कामगार-कपातीच्या खात्यात होता. तेव्हाही लोक त्याच्यासमोर बसून रडत. आता त्याने केसांचा बुचडा बांधला होता, एवढाच फरक.

शाळेच्या नर्सबाईंची जुनी खोली विश्रांतीसाठी राखून ठेवली होती. खोली एक, खाट एक आणि थकलेली माणसं दोन डझन. म्हणून आमच्याकडे इमारतीतल्या सामायिक धुण्याच्या खोलीबाहेर पाळी लावायला असतो तसा वेळांचा फळा दारावर लावला गेला. प्रत्येकाला नंबर घातलेलं छोटं कुलूप मिळालं. आपल्याला हव्या त्या वेळेच्या भोकात ते अडकवायचं, की ती वेळ आपली. आमच्याकडे बायको पळवणाऱ्याला लोक कालांतराने माफ करतात, पण दुसऱ्याचं कुलूप हलवणाऱ्याला नाही.

गुनवोरला फळा पाहूनच हायसं वाटलं. बुधवारी दुपारी ती आपल्या वेळेवर पोचली, तर दारावर चिठ्ठी: ‘कालच्या माणसाने उशी थोपटून ठेवली नव्हती. आपण सगळे मोठी माणसं आहोत अशी माझी समजूत होती. — विश्रांतीवर प्रेम करणारी एक.’ खाली हसरा चेहरा काढला होता. गुनवोरने उशी थोपटली, चादर बदलली, केर काढला, खिडकी उघडून हवा खेळवली, आणि आता पाठ टेकणार तोच दारावर टकटक झाली. बाहेर पुढची वेळ लावलेली, वर्गातलीच इंगालिल उभी होती, छातीशी स्वतःची चादर धरून.

“झाली ना गं विश्रांती?” इंगालिलने प्रेमाने विचारलं.

गुनवोरने टॉर्केलला गाठलं. त्याने मान एका बाजूला कलती केली.

“आत्ता तुला काय वाटतंय?”

“झोप येतेय.”

“ते वरवरचं झालं. त्याच्या खाली काय आहे?”

“खालीपण झोपच आहे रे, टॉर्केल. पार तळापर्यंत.”

“किती प्रामाणिकपणे बोललीस!” टॉर्केलचे डोळे भरून आले. “यावर सगळ्यांनी मिळून विचार करायला हवा.”

अशा रीतीने विश्रांती अभ्यासगट स्थापन झाला. विषय गुनवोरने काढला म्हणून ती सभासद, आणि उत्साह इंगालिलला म्हणून ती अध्यक्ष. बैठकीसाठी सगळ्यांना सोयीची एकच वेळ निघाली: दुपारच्या जेवणानंतरची, विश्रांतीची.

दालचिनीच्या बन्स आणि कॉफीच्या साक्षीने गटाने काम केलं. झोपलेल्या माणसाचं स्वतःकडे लक्ष नसतं, तेव्हा झोप म्हणजे स्वतःची हेळसांड, हे आधी मान्य झालं. त्यावरून खोली झोपण्यासाठी वापरू नये, असं ठरलं. मग इंगालिलने एक धोका दाखवून दिला. “थकलेला माणूस खाटेवर पडला तर त्याला झोप लागू शकते. म्हणजे थकलेल्यांना आत सोडणं बेजबाबदारपणाचं नाही का?” आमच्याकडे नाही म्हणायची पद्धत नाही. सगळ्यांनी श्वास आत ओढत बारीक आवाजात ‘हो’ केलं. गुनवोरनेही केलं, कारण जांभई देताना तोच आवाज निघतो.

त्या दिवसापासून ताजीतवानी माणसंच विश्रांतीला जाऊ लागली. डोळे चोळत, गालावर उशीची घडी उमटवून बाहेर आली, की फळ्यासमोर थांबून आपणहून सांगत, “झोपले नव्हते हं, नुसती पडले होते.”

पुढच्या आठवड्यात वृक्षासनात उभी असताना गुनवोरचे हात थरथरू लागले. त्या दुधाच्या कपाटासमोर थरथरले होते, अगदी तसेच. ती घाबरली. मनापासून घाबरली. कुणाला न सांगता ती तशीच अनवाणी बाहेर गेली, आवाराच्या टोकाला बर्चच्या झाडाखाली उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीत शिरली, सीट मागे पाडली आणि कोट अंगावर ओढून झोपली. काय झोप होती ती! स्वप्न नाही, कूस नाही. लहानपणी आजोळी गवताच्या गंजीवर लागायची तशी झोप तिला कितीतरी वर्षांनी लागली होती, आणि ती तिच्या हक्काची होती.

काचेवर टकटक झाली. टॉर्केल, इंगालिल आणि अख्खा वर्ग काळजीने आत डोकावत होता. किल्ली गुनवोरच्या हातातच होती. ‘हो, झोपले होते, आणि आता घरी जाऊन परत झोपणार आहे,’ एवढं म्हणून गाडी सुरू केली असती, तर ही गोष्ट इथेच सुखाने संपली असती. पण तिने काच खाली केली, केस सारखे केले आणि म्हणाली,

“झोपले नव्हते हं. नुसती पडले होते.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. झोप नव्हती, म्हणजे नियम मोडला नव्हता. नियम मोडला नव्हता, म्हणजे गाडी ही विश्रांतीची जागा ठरत होती. “आणि विश्रांतीची जागा एकटीने वापरणं तुलाच बरं वाटणार नाही, हो ना गं?” इंगालिलने मायेने विचारलं. गुनवोरने श्वास आत ओढला. संध्याकाळपर्यंत बर्चच्या बुंध्याला दुसरा फळा लागला. गाडीची मालकीण म्हणून व्यवस्था गुनवोरकडे आली. व्यवस्था पाहणारी व्यक्ती थकलेली असणार हे उघड होतं, त्यामुळे तिला स्वतःला गाडीत बसायला मनाई झाली.

‘स्वतःची काळजी’ या विषयात गुनवोर वर्गात पहिली आली. आता ती आपल्या गावच्या वाचनालयात दमलेल्यांसाठी वर्ग घेते. गर्दी मावत नाही. दाराशी पाटी आहे: ‘कृपया थकलेल्या अवस्थेत येऊ नये.’ तिचे हात अजून थरथरतात. लोकांना ती मुद्रा वाटते.

तुम्ही हसलात, ठीकच आहे. पण मागच्या रविवारी दुपारी आडवं होण्याआधी तुम्ही ओटा पुसलात, कपड्यांच्या घड्या घातल्यात, घरात कुणाला काही हवं आहे का विचारलंत. मग कुठे पाठ टेकलीत. आणि तेवढ्यात फोन वाजला, तेव्हा घसा साफ करून पहिलं वाक्य काय बोललात, ते आठवतंय का?