शरणप्पाचं पिस्तूल

आमचा शेजारी शरणप्पा दारातून सरळ आत येत न्हाई. आधी भिंतीला पाठ लावून सावली आत सोडतो. मग टोपी डोळ्यावर ओढतो, काडी पेटवतो, बोट भाजेस्तोवर धरतो, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांचं पिस्तूल माझ्यावर रोखतो.

"हलायचं काम न्हाई, अण्णा!"

सत्तरी उलटलेला माणूस. घरातली चहाची पत्ती संपली म्हणून आलेला असतो.

मी चौथी नापास, पण आमच्या चिंताकी गावात माझा शब्द खाली पडत न्हाई. मी एकदाबी हात वर केले न्हाईत. "पत्ती पाहिजे तर सरळ माग," म्हणतो.

हे खूळ त्याच्या लग्नाच्या साली लागलं. गावात तंबूत एक काळापांढरा खुनाचा पिक्चर आला होता. त्यातला खलनायक सगळा मिळून चारदा दिसतो. पण शरणप्पाला हिरो कोण होता ते आजबी सांगता येत न्हाई. "हिरोचं काम कुणीबी करतंय! ह्यानं नुसती काडी पेटविली की सगळा तंबू गप!"

त्या वक्ताला गडी पडद्याच्या अलीकडं बसायचे, बाया पलीकडं. पडदा धोतरासारखा पातळ, चित्र दोन्हीकडनं दिसायचं. शरणप्पाची नवी नवरी गंगाक्का पलीकडं बसली. घरी जाताना दोघांचं जे भांडण लागलं, ते पन्नास वर्षं पुरलं.

ह्यानं पिस्तूल रोखलं की गंगाक्का त्यांच्या चुलीपासून ओरडायची, "डावखुरा होता तो! डाव्या हातानं धरा!"

"कामून खोटं बोलायलीस? उजवा!"

"माझे डोळे फुटलेत व्हय?"

मी शरणप्पाच्या बाजूनं. मीबी अलीकडंच बसलो होतो.

गेल्या साली गंगाक्का गेली. पिस्तूल बंद पडलं. शरणप्पा पत्ती सरळ मागायला लागला. मला ते आवडलं न्हाई.

परवा त्याची लेक बसवकल्याणहून आली. तिनं मोबाईलवर तोच पिक्चर हुडकून लावला. खलनायकानं काडी फेकली, पिस्तूल काढलं. उजवा हात!

"जिंकलास की, गड्या!" मी मांडीवर थाप मारली.

शरणप्पा हसला न्हाई. म्हणाला, "ती पलीकडं बसली होती की."

उठला. कोनाड्यातला गंगाक्काचा कुंकू लावायचा आरसा काढला, आणि मोबाईल त्याच्यासमोर धरला. आरशात पिस्तूल डाव्या हातात होतं. पिक्चर संपेस्तोवर तो आरशातच बघत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उंबऱ्यावर सावली पडली. काडी पेटली.

"हलायचं काम न्हाई, अण्णा!"

हात डावा होता.

मी चहाचा कप खाली ठेवला, आणि दोन्ही हात वर केले.