हौदातलं आंदोलन

आमच्या पाच गावांत ताठ कण्याचा माणूस एकच. येडबा, म्हणजे मी. आजवर कुणापुढं वाकलो नाही. तलाठ्यापुढं नाही, चेअरमनपुढं नाही, सासऱ्यापुढं तर नाहीच नाही. (खरं सांगायचं तर तीन वर्षांपासून वाकताच येत नाही. चप्पल निसटली तर फुटबॉलसारखी ढकलत घरापर्यंत आणतो.)

या कण्यानं यंदा मला असं बेजार केलं की विचारू नका.

दिवाळी सरली की आम्ही मेंढरं घेऊन गाव सोडतो. चाऱ्यामागं चार महिने फिरती. पन्नास वर्षांत माझी एक खेप चुकली नव्हती. यंदा माझा पोरगा मल्हार म्हणाला, "आबा, औंदा तुमी घरीच ऱ्हावा. रस्त्यात मेंढरं सांभाळू का तुमाला?"

"मला काय धाड भरली?"

"मग रविवारी निघताना एक कोकरू सोताच्या हातानं उचलून दावा. उचललं तर चला."

घरी राहायचं म्हणजे चार महिने मनकर्णाबाईच्या तावडीत. मनकर्णाबाई माझी बायको. बाई सोन्यासारखी आहे. (शालू हे तिला वाचून दाखवणार आहे.) पण लग्नापासूनच्या माझ्या सगळ्या खोड्या तिच्या ध्यानात आहेत, आणि त्यावर बोलायला तिला आजवर निवांत वेळ मिळालेला नाही.

शालू माझी नात. मानवतला कॉलेजात जाते. तिनं मोबाईलमध्ये बोट फिरवून सांगितलं, "आबा, एप्सम सॉल्ट! गरम पाण्यात टाकायचं, वीस मिनिटं बुडून बसायचं. पाठ मोकळी व्हते."

"सॉल्ट म्हंजे मीठच की गं. मिठात बसून पाठ मोकळी झाली असती तर लोणच्यातली कैरी उड्या मारत बरणीभाईर आली असती."

पण गरज मला होती, कैरीला नव्हती. मानवतच्या औषधाच्या दुकानात पुडी बघितली. एवढीशी. तेवढ्यात माझं एक ढोपर भिजलं असतं. तसाच अमृतच्या कृषी केंद्रात गेलो. अमृतनं शालूनं लिहून दिलेली चिठ्ठी वाचली. "आबा, हे तर मॅग्नेशियम सल्फेट! कापसाची पानं लाल पडली की आपन फवारतो ते. किती एकराला देऊ?"

"एकर न्हाई. एका मानसाला."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लाल पडलाव का?"

पंचवीस किलोचं पोतं घेऊन आलो. पोत्यावर फुललेल्या कापसाच्या बोंडाचं चित्र. (जीपमधून ते उतरवायला दोन माणसं लावली. मला पाठीचा त्रास आहे ना.)

आता बुडायचं कशात? आमच्या न्हाणीत पाय पसरले तर गुडघे अंगणात येतात. राहिला मेंढरांचा पाण्याचा हौद. सिमेंटचा, लांबलचक, माणूस ऐसपैस बसेल असा. खोट एकच, तो देवगाव फाट्याच्या रस्त्याला लागून आहे.

गुरुवारी मल्हार मेंढरं घेऊन रानात गेला, शालू कॉलेजला, मनकर्णाबाई बचत गटाच्या मीटिंगला. मी चुलीवर पाणी तापवलं. हंडे उचलवेनात, म्हणून तांब्यातांब्यानं नेलं. शेवटचा तांब्या पडेपर्यंत पहिला गार झाला होता. अर्धं पोतं रिचवलं, आणि डोक्याला पटका, अंगात चड्डी, असा उतरलो. काय सुख म्हणता! पाठीचा एकेक मणका 'आदाब' म्हणायला लागला.

तेवढ्यात बन्सीधरची फटफटी थांबली. बन्सीधर ग्रामपंचायतीचा मेंबर, वर मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवतो.

"आबा! काय करायलाव?"

पाठ म्हणालो असतो तर मल्हार घरी यायच्या आत गावभर झालं असतं, आणि माझी खेप बुडाली असती. त्यात माझं तोंड लहानपणापासून डोक्याला विचारत नाही. (चौथीत दोनदा बसलो ते त्यामुळंच.) म्हणालो, "आंदोलन."

"कसलं?"

"जलसमाधी."

"पानी बेंबीपर्यंतच हाय की!"

"सुरुवात हाय."

"मागनी?"

समोर जनावरांच्या दवाखान्याचं गंजलेलं कुलूप दिसलं. "डाक्टर पायजे! लेखी मिळाल्याबिगर उठनार न्हाई!" (हे शेवटचं वाक्य गिळलं असतं तर आज माणसात असतो.)

बन्सीधरनं शूटिंग करून चॅनलवर सोडून दिलं. अर्ध्या तासात चाळीस माणसं. घोषणा सुरू. कुणी हार घातला, कुणी अगरबत्ती लावली. यष्टीच्या ड्रायव्हरनं गाडी हळू करून नमस्कार केला. वीस मिनिटं कधीच उलटून गेली होती.

"बन्सीधर," मी हळूच म्हणालो, "झालं की आता. उठतो."

"आबा, लेखीबिगर? गावाच्या इज्जतीचा सवाल हाय!"

एक तास. दोन तास. पाणी बर्फ, बोटं खारकेसारखी, आणि जिथं खाजवायचं तिथं चाळीस माणसांसमोर हात नेता येईना. एवढ्यात मनकर्णाबाई आली, अख्खा बचत गट घेऊन.

"कोन गेलं वो?" तिनं छातीवर हात ठेवून विचारलं.

"काकू, आबा आंदोलनाला बसलेत!"

तिनं हौदाकडं बघितलं. शेजारच्या पोत्यावरच्या बोंडाच्या चित्राकडं बघितलं. मग माझ्याकडं. बाई समजली. मी डोळ्यांनीच हातापाया पडलो.

"बसू द्या," ती म्हणाली. "बसायची सवय हायच त्यांना. आज पान्यात हाईत एवढंच."

मल्हार मेंढरं वळवून धावत आला तेव्हा पाच तास झाले होते. त्याचे डोळे भरून आले. "आबा, मला वाटलं तुमी थकलाव. पाच तास गार पान्यात! असल्या गड्याला घरी कोन ठेवतंय? तुमी चला, कोकरू उचलायची गरज न्हाई!"

जिंकलो की हो मी!

पाठोपाठ तालुक्याहून साहेब आले, लेखी पत्र घेऊन. "उठा बाबा, पत्र घ्या." मी उठायला गेलो. कमरेपासून खाली कुणी हजर नव्हतं. पुन्हा जोर लावला. काहीच नाही.

"उठत न्हाईत!" बन्सीधर ओरडला. "वाघ हाय वाघ! आदी मोठ्यानं वाचून दावा!"

साहेबांनी पत्र वाचलं. मग चौघांनी मला बसल्या आकारातच उचललं आणि खांद्यावर मिरवत घरी आणलं. बाजेवर ठेवलं तेव्हाही गुडघे छातीशीच. मल्हारला सांगितलं, आंदोलनाचा थकवा आहे, रविवारपर्यंत उतरेल.

शनिवारी खरोखरच डाक्टरीण आली. तरणी पोरगी, हातात बॅग. मल्हार अंगणात सामान बांधत होता. माझी घोंगडी त्यानं सगळ्यांत वर ठेवली होती.

"आबा, तुमच्यामुळं माझी इथं ऑर्डर निघाली," डाक्टरीण म्हणाली. "दाखवा, आजारी जनावर कोणतं?"

मेंढरं सगळी ठणठणीत. मल्हारनं माझ्याकडं बघितलं. मी आढ्याकडं. तेवढ्यात मनकर्णाबाई पदर खोचत दारात आली.

"ह्ये काय, बाजंवर पडलंय. दोन दिस झाले, बसलंय ते उठंना. वैरन बरोबर खातंय, वरडनं बी चालू हाय. तपासा, आन् ह्या पोराला कागदावर लिहून द्या बाई, कळपासंगं हाकायचं का हितंच दावनीला बांधायचं."