दाण्याच्या सोवळ्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न, कुलस्वामिनी प्रसन्न, ओट्यावरील अन्नपूर्णा प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, पौष वद्य एकादशी, बुधवासर, ते दिवशीच मकरसंक्रमण पडले, ते समयी जे जाहले ते जैसे जाहले तैसे लिहिले असे. एक राज्य होते, नाव सांगणे उचित नाही. तिसऱ्या मजल्यावर वसले होते, पूर्वेस देवघर, पश्चिमेस गॅलरी, आणि मध्ये मुदपाकखाना. धनीण मातुश्री द्वारकाबाईसाहेब. बाई मोठ्या व्रतस्थ, चतुर्थी-एकादशी कधी चुकली नाही, आणि सोवळे ऐसे कडक की पूजेचे वेळी खासे चिरंजीवही देवघराचा उंबरा ओलांडीत नसत, आणि जो येईल त्यास दारातच सवाल होई, "हात धुतलेस?" त्यांची नात राजकन्या शाल्मलीराजे, वय वर्षे चार, हिचे आणि शेंगदाण्याचे हाडवैर. गेल्या नवरात्रात शेजारील राज्यातून राजगिऱ्याचा लाडू आला, त्यात कूट होता हे कोणास ठाऊक नव्हते, राजकन्येने घासभर खाल्ला आणि ओठ सुजले आणि श्वासास शीळ लागली आणि मग रिक्षा दौडवून वैद्यराज गाठिले, तेव्हा जीव वाचला. वैद्यराजांनी पुन्हा श्वास अडल्यास टोचावयाची एक सुई जवळ बाळगावयास दिली आणि सक्त ताकीद केली की दाण्याचा कणही पोटात जाता नये. तेव्हापासून सूनबाई केतकीबाईसाहेब ती सुई पर्समध्ये घेऊन हिंडत, पुड्यांवरील बारीक अक्षर वाचीत, आणि आप्तवर्ग पाठीमागे म्हणे की हे नवे खूळ. मातुश्री तैसे म्हणत नसत, परंतु मनात येई की दाणा तो उपासाचा, देवास चालतो, त्याचे इतके काय. मात्र दिवाळीस सगळी पोरे चिवड्याच्या बश्या घेऊन बसली असता राजकन्या एकटी वाटीत मनुका घेऊन बसली होती, ते मातुश्रींनी पाहिले होते आणि ते मनातून जात नव्हते.

म्हणोन संक्रांतीस राजकन्येचे बोरन्हाण योजिले. पोरास काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवावे, डोईवरून बोरे, कुरमुरे, उसाचे करवे आणि भुईमुगाच्या शेंगा ओताव्या, आणि जमल्या पोरांनी लूट करावी, ऐसी चाल. सूनबाईंनी मसलत करून शेंगा वगळिल्या आणि हलवा तिळावरचाच आणविला. लाडवांची कामगिरी मातुश्रींनी आपणाकडे घेतली, की यंदा पोरीच्या मुठीत इतरांसारखाच लाडू पडला पाहिजे. मग सकाळी तीळ भाजिले, गूळ घातला, मिक्सरात फिरविले, लाडू वळून परात भरली आणि राजकन्या वासाने धावत आली आणि तिने एक उचलिलाही. तो सूनबाईंनी सहज पुसिले, "आई, भांडं कुठलं घेतलंत?"

मातुश्री बोलिल्या, "तेच की. खिचडीचा कूट केला ते. खरकटं कुठे होतं? फडक्याने स्वच्छ पुसून घेतलं."

मातुश्रींचे शास्त्रात खरकटे म्हणजे भात-पोळी. उपासाचे दाण्यास विटाळ ठाऊकच नव्हता. सूनबाईंनी लाडू ओठांपाशी गेला होता तो काढून घेतला, आणि पोरीचे हात-तोंड साबणाने धुतले, आणि परात वर ठेविली, आणि ओटा पुसला, आणि मिक्सरचे भांडे घासले, झाकणाची रबरी कडी काढून तीही घासली. मग डोळे भरून आले तेव्हा हात वर नेला, पण तो अजून धुवायचा होता, म्हणोन कोपराने डोळे पुसिले. राजकन्या भोकाड पसरून बसली होती. मातुश्री मात्र त्या कोपराकडे पाहत राहिल्या. सोवळ्यात असता त्यांनी स्वतः जन्मभर ऐसेच कोपराने घाम पुसिला होता, कोपरानेच कडी लाविली होती. मग हळू बोलिल्या, "केतकी, अगं, तू सोवळं पाळतेस. आधी नाही का सांगायचंस?"

सूनबाई बोलिल्या, "नवरात्रापासून सांगतेय आई. अ‍ॅलर्जी, अ‍ॅलर्जी म्हणून."

"त्याने मला काय कळणार? सोवळं म्हणाली असतीस तर एका दिवसात कळलं असतं."

मग मातुश्रींनी कंबर कसली. ती परात चिरंजीवांसमवेत त्यांचे कचेरीत रवाना जाहली, खिचडी खाली वॉचमनास दिली, कुटाची बरणी राज्याबाहेर काढिली, आणि आपण एकादशीस उकडलेले रताळे खाल्ले. पुन्हा स्नान केले, धूतवस्त्र नेसल्या, आणि घासल्या भांड्यात नवे लाडू केले. सूनबाई झाकणाची कडी तपासू लागल्या तेव्हा मातुश्री रागावल्या नाहीत, उलट दिवा लावून दाखविला.

सायंकाळी पोरांची फौज जमली. दारात मातुश्री स्वतः उभ्या, आणि प्रत्येकास हात धुवूनच आत सोडीत. इतक्यात मातुश्रींच्या वन्सं मनूताई यांची स्वारी आली, संगे तिळगुळाच्या वड्यांचा डबा, दाण्याचा कूट सढळ घातलेला. बाई मानी, शब्द खाली पडू देणाऱ्या नव्हत्या. डबा उघडून वडी राजकन्येपुढे धरिली. सूनबाईंचा हात पर्सकडे गेला. तो मातुश्री मध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, शिवू नका. मुलगी सोवळ्यात आहे."

मनूताईंचा हात जागीच थिजला. त्यांनीही उभा जन्म सोवळ्यात काढिला होता, कैक पाहुणे ताटकळविले होते. सोवळ्यापुढे हात नेणे त्यांस ठाऊकच नव्हते. मग भानावर येऊन म्हणाल्या, "वहिनी, चार वर्षांच्या पोरीला कसलं आलंय सोवळं?"

"दाण्याचं. देवाला कांदा चालत नाही तेव्हा आपण का म्हणून विचारतो का? हिला दाणा चालत नाही."

"आणि संक्रांतीचा तिळगूळ परत नेऊ मी?"

"परत कशाला? डबा मिटून बाहेर ठेवा, उद्या द्वादशीला मीच खाईन, पायऱ्यांवर बसून. आणि बेसिनपाशी साबण आहे."

मनूताईंनी नाक मुरडिले, परंतु गेल्या, आणि कोपरापर्यंत हात धुवून आल्या. मग बोरन्हाण जाहले, बोरे आणि कुरमुरे खोलीभर उधळले, पोरांनी लूट केली, मनूताईंनीही दोन करवे लुटिले. राजकन्येने तीन लाडू खाल्ले आणि चौथ्यासाठी हट्ट केला. सुई पर्समध्ये निजून राहिली.

पाहुणे गेले आणि मातुश्री दारातील चपला सारून दमून बसल्या. राजकन्या मुठीत लाडू घेऊन आली, की हा आजीचा, उद्या उपास सुटल्यावर खायचा. मातुश्रींनी हात पुढे केला. राजकन्येने मूठ मागे घेतली आणि पुसिले, "आजी, हात धुतलेस?"

मातुश्री उठल्या आणि मुकाट नळापाशी गेल्या.

एवंच, लाडू वाटिले गेले, मानपान राहिले, पोर हसत निजली. त्या राज्यात ते सोवळे अद्याप चालू आहे. श्रीचरणी लेखन समाप्त.