जरा बॅगेवर लक्ष ठेवाल का?

"तुम्हाला जायचं तेव्हा जा," लॉकरसाहेबांची बायको कप विसळता विसळता म्हणाली. "मी गाडीच्या वेळेला येईन. पण गाडी सुटताना डब्यात दिसला नाहीत, तर मी एकटी जाईन. आठ दिवस बहिणीकडे एकटी राहीन आणि मजेत राहीन."

लॉकरसाहेबांना हसू आलं. गाडी फलाटाला लागायच्या आधी जो माणूस स्वतः फलाटाला लागलेला असतो, त्याला ही धमकी, आणि तीही कुणी द्यावी, तर घराबाहेर पडताना गॅस, नळ आणि खिडक्या दोन-दोनदा तपासून पुन्हा चप्पल बदलायला आत जाणाऱ्या बाईने. मागच्या प्रवासात त्यांनी तिला स्टेशनवर इतकं आधी नेलं होतं की त्यांच्या गाडीआधी सुटलेल्या गाडीतली माणसं एव्हाना मुक्कामाला पोहोचून जेवलीही असतील, असं ती सगळ्यांना सांगत असे. त्यात फार अतिशयोक्ती नव्हती. म्हणून या खेपेला दोघांनी आपापल्या वेळेने निघायचं ठरलं.

साहेबांची उभी नोकरी बँकेच्या तळघरात, लॉकरच्या खोलीत गेली होती. लॉकरसाहेब हे नाव तिथलंच. एक किल्ली गिऱ्हाइकाची, एक यांची. गिऱ्हाइकाची ओळख पटल्याशिवाय दार उघडायचं नाही आणि शेवटचं गिऱ्हाईक बाहेर पडल्याशिवाय खोली सोडायची नाही. हे नियम त्यांनी इतके पाळले की बदली माणूस मिळेना, आणि बदली माणूस मिळेना म्हणून रजा मिळेना. निवृत्त झाल्यावरचा हा दोघांचा पहिलाच प्रवास होता. बायको कित्येक वर्षं या आठ दिवसांची वाट बघत होती. तेही बघत होते, फक्त तसं बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

लांबच्या गाड्यांच्या प्रवाशांसाठी स्टेशनवर जे प्रतीक्षालय होतं, तिथे साहेब सकाळीच दाखल झाले. दारातल्या टेबलाशी बसलेल्या बाईंनी तिकीट पाहिलं, मग घड्याळ पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं. "गाडी आजचीच आहे ना, काका?" त्यांनी विचारलं. साहेबांनी या टोमण्याकडे दुर्लक्ष केलं आणि खोलीतली सगळ्यात मोक्याची खुर्ची पटकावली. पाठीशी भिंत, समोर गाड्यांचा फलक, बाजूला फोन चार्ज करायची सोय. फोन त्यांनी लगेच भिंतीला जोडून खाली ठेवला, सुटकेस पायाशी घेतली आणि समाधानाने पेपर उघडला.

शेजारच्या खुर्चीवर दाताचे एक डॉक्टर बसले होते. थोड्या वेळाने ते उठले आणि म्हणाले, "जरा बॅगेवर लक्ष ठेवाल का? चहा घेऊन येतो."

एवढंच झालं. यापुढे जे घडलं त्याचं खापर फोडायला साहेबांनी पुढे पुष्कळ जागा शोधल्या, पण प्रत्येक वेळी ते फिरून या एका क्षणापाशी येत. दुसरा कुणी असता तर "हं" म्हणून वाचत बसला असता. साहेबांनी पेपरची घडी घातली, डॉक्टरांची बॅग आपल्या सुटकेसशेजारी आणून उभी केली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तिच्याकडे बघत बसले. सामानाकडे इतकं मन लावून बघणारा माणूस त्या खोलीत आजवर कुणी पाहिला नसावा.

ते बघून समोरच्या आजींना धीर आला. त्यांना पाय मोकळे करायचे होते, पण दोन गाठोडी घेऊन ते जमत नव्हतं. गाठोडी साहेबांकडे आली. मग एक नवराबायको आले, त्यांना भांडायला बाहेर जायचं होतं आणि बॅगा घेऊन नीट भांडता येत नव्हतं. मग वाद्यवृंदातला एक वादक पेटीत घातलेलं एवढं मोठं वाद्य घेऊन आला की साहेबांनी आधी त्या पेटीलाच बसायला खुर्ची देऊ केली. स्टेशनचं सामानघर पार दुसऱ्या टोकाला होतं, आणि कुलूप नसलेलं सामान तिथे घेत नसत. इथे मात्र एक भारदस्त गृहस्थ हसतमुखाने सगळं घेत होते.

बघता बघता साहेबांच्या भोवती ढीग जमला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की कुठलं सामान कुणाचं, याचा आपल्याकडे काहीच पुरावा नाही. त्यांच्या अंगावर काटा आला. पुराव्याशिवाय सामान, म्हणजे सगळ्या नोकरीवर पाणी. त्यांनी खिशातून पेन काढलं, पेपरच्या कोऱ्या कडा फाडल्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर दोनदा एकच आकडा घातला. अर्धी चिठ्ठी बॅगेच्या बंदात, अर्धी मालकाच्या हातात. ज्यांचं सामान आधीच आलं होतं, त्यांना शोधून शोधून त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. फक्त डॉक्टर सापडले नाहीत.

आता मात्र गंमत सुरू झाली. चिठ्ठी दिसली की माणसाला रांग लावावीशी वाटते. लोकांना वाटलं ही स्टेशनचीच सोय आहे. टेबलावरच्या बाईही विचारणाऱ्याला बोटाने दाखवू लागल्या, "सामान ना? त्या काकांकडे." साहेब मान खाली घालून आकडे घालत होते आणि हात पुढे येत होते, पिशव्या पुढे येत होत्या. चेहऱ्यांकडे बघायला त्यांना फुरसत नव्हती. कुणीतरी काम हळू चाललंय म्हणून तक्रार केली, तर त्यांना वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं. तक्रार झाल्याशिवाय कचेरी असल्यासारखं वाटत नाही.

इतक्यात डॉक्टर परत आले. चहा पिऊन, पुस्तकाच्या दुकानात रेंगाळून आलेले डॉक्टर सरळ आपल्या बॅगेला हात घालायला गेले आणि साहेबांनी तो हात वरच्या वर धरला.

"चिठ्ठी?"

"कसली चिठ्ठी? अहो, मघाशी मीच नाही का दिली तुम्हाला बॅग?"

"दिली असेल. पण चिठ्ठी नाही."

"तुम्ही मला ओळखता," डॉक्टर म्हणाले.

"ओळखतो," साहेब म्हणाले, "पण तो पुरावा होत नाही."

डॉक्टरांची गाडी लागली होती. त्यांनी समजावून पाहिलं, आवाज चढवून पाहिला. शेवटी साहेबांनी मोठ्या मनाने तोडगा काढला, की बॅगेत काय आहे ते आधी सांगायचं, मग उघडून दाखवायचं. डॉक्टर म्हणाले, कवळ्या आहेत. रांगेतली माणसं माना उंचावून बघू लागली. बॅग उघडली, तर आत खरोखरच कवळ्यांचे डबे होते, आणि घाईत एकाचं झाकण उडून एक अख्खी बत्तिशी साहेबांच्या मांडीवर येऊन पडली. "ओळख पटली," साहेब म्हणाले आणि त्यांनी ती रुमालाने उचलून परत केली. डॉक्टर पळत सुटले. जाताना ते जे बोलले, ते दाताच्या डॉक्टरांच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

दुपार झाली आणि एकेक गाडी लागू लागली. चिठ्ठ्या परत येऊ लागल्या. साहेब आकडा जुळवत, बॅग देत, "तपासून घ्या" म्हणत. आजींनी जाताना त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. भांडून आलेले नवराबायको एकमेकांशी बोलत नव्हते, पण दोघांनी साहेबांचे वेगवेगळे आभार मानले. तळघरात इतकी वर्षं काढली, पण तिथे कुणी आभार मानले नव्हते. लोक येत, आपलं डबडं उघडत, यांच्याकडे संशयाने बघत आणि जात. साहेबांना भरून आलं. त्या भरून येण्याच्या गडबडीत समोरच्या फलकावर त्यांची स्वतःची गाडी लागल्याची सूचना झळकली, आणि तीही त्यांनी एका सद्गृहस्थांना मोठ्याने वाचून दाखवली. वाचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

ते ताडकन उठले. अजून वेळ होता. ढीग संपला होता. राहिली होती त्यांची जुनी सुटकेस आणि एक निळी, चाकांची, कोरी करकरीत बॅग.

साहेबांनी तिचा आकडा मोठ्याने पुकारला. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारला. पेंगणारा एक माणूस जागा झाला, त्याने आपली चिठ्ठी शोधली, आपल्याकडे चिठ्ठीच नाही हे आठवून तो परत झोपला. साहेब टेबलाशी गेले आणि बाईंना म्हणाले, एवढी एक बॅग सांभाळा. बाई म्हणाल्या, "मी फक्त तिकिटं बघते, काका. सामान तुमच्याकडे असतं."

बॅग तिथेच सोडून निघावं, तर शेवटचं गिऱ्हाईक अजून यायचं होतं. बरोबर घेऊन निघावं, तर ती सरळ सरळ चोरी. साहेब दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. दारात उभं राहून त्यांनी त्या बॅगेच्या मालकाला मनातल्या मनात इतकं सुनावलं की त्यांना घाम फुटला. शेवटी भिंतीजवळ खाली काहीतरी थरथरतंय हे त्यांच्या लक्षात आलं. सकाळपासून चार्ज होत पडलेला तो त्यांचाच फोन होता.

"कुठे आहात?" बायकोने विचारलं. "मी केव्हाची डब्यात बसलेय. किती फोन केले."

"अगं, अडकलोय. एका बाईची नाहीतर बुवाची बॅग माझ्याकडे राहिलीये. बाईच असणार. कसली बेफिकीर बाई आहे, बॅग टाकली आणि गेली निघून. वेळेचं भान म्हणून नाही काही माणसांना."



"कसली बॅग?"

"निळी. चाकांची. नवी दिसतेय."

"अहो," बायको सावकाश म्हणाली, "ती बेफिकीर बाई मी आहे."

साहेब खाली बसले. बायको सांगत होती आणि त्यांचे कान तापत होते. आज त्यांना चकित करावं म्हणून ती चक्क लवकर आली होती. नवी बॅग घेतली होती, तीही दाखवायची होती. बघते तर साहेबांसमोर रांग. तीही रांगेत उभी राहिली. "नंबर आल्यावर मी म्हटलं, अहो. तुम्ही वर न बघता म्हणालात, एका वेळी एकच बोला. मग म्हणालात, चिठ्ठी सांभाळा, हरवली तर बॅग मिळणार नाही. मला वाटलं आवाज ओळखलात आणि गंमत करताय. इतके खुशीत होता, म्हटलं करू दे. गाडीच्या वेळेला बॅग घेऊन येतीलच."

"मी तुला—" साहेब म्हणाले, तेवढ्यात फोनमधून गाडीची शिट्टी ऐकू आली.

ते धावले. एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात निळी बॅग. सुटकेस पुढे जात नव्हती आणि निळी बॅग नव्या चाकांमुळे त्यांच्या पुढे धावत होती. जिन्यापाशी त्यांनी ती उचलून घेतली, आणि जिन्यावर ते दोनदा थांबले. एकदा दम लागला म्हणून, आणि दुसऱ्यांदा चुकीचा जिना होता म्हणून. ते फलाटावर पोहोचले तेव्हा शेवटचा डबा फलाट सोडून चालला होता. साहेब त्या डब्याकडे बघत उभे राहिले. आपण किती शहाणे, किती काटेकोर, आणि उभ्या आयुष्यात ज्या एका माणसासाठी लवकर येऊन बसण्यात काही अर्थ होता, त्याच माणसाला आपण रांगेत उभं करून आकडा दिला. आता ती आठ दिवस एकटी राहणार, आणि मजेत राहणार. तिला तसा पूर्ण हक्क होता. त्यांना रडू आलं असतं, पण दोन्ही हात गुंतले होते.

"बॅग कशाला उचललीत हो? चाकं आहेत तिला," मागून आवाज आला.

बायको फलाटावर उभी होती. खांद्याला पर्स आणि चेहऱ्यावर वैताग.

"तू उतरलीस?"

"मग काय करू? कपडे सगळे यात."

"मी मागून बॅग घेऊन आलो असतो."

"हो, आणि चिठ्ठीशिवाय दिली नसतीत," ती म्हणाली. मग तिला हसू आवरेना. साहेबांनाही आवरेना. दोघं हसत हसत प्रतीक्षालयात परतली. पुढची गाडी संध्याकाळची होती. टेबलावरच्या बाईंनी तिकीट पाहिलं आणि दया येऊन काहीच विचारलं नाही.

खुर्चीत टेकल्यावर बायकोने बहिणीला फोन लावला. साहेबांचा चेहरा उतरला. सासरच्या गोतावळ्यात त्यांचं एवढं एकच नाव होतं, की हा माणूस गाडी चुकवत नाही. आता तेही जाणार होतं, आणि त्यांनी मनाची तयारी केली होती.

"अगं, गाडी चुकली," बायको म्हणाली. "नाही, नाही, माझ्यामुळे. निघायला उशीर झाला. हे बिचारे सकाळपासून इथे बसलेत."

बहिणीने एका शब्दाने शंका घेतली नाही. साहेबांनी बायकोकडे पाहिलं. तिच्यासाठी आपण उभ्या आयुष्यात एवढं काही केल्याचं त्यांना आठवेना. तिचे आभार मानायचे, तेही आत्ताच, शब्दांत, असं त्यांनी ठरवलं. पण मेहुणीला त्यांच्याशी बोलायचं होतं. बायकोने फोन त्यांच्या हातात दिला.

"भावोजी, कमाल आहे तुमची," मेहुणी म्हणाली. "तिचं हे असं वागणं तुम्ही इतकी वर्षं कसं सहन करता?"

साहेबांनी एक दीर्घ सुस्कारा सोडला.

"चालायचंच," ते म्हणाले. "आता सवय झालीये."

बायकोने त्यांच्या पायाशी असलेली आपली निळी बॅग उचलली, पलीकडच्या खुर्चीवर पेंगत असलेल्या अनोळखी माणसापाशी नेऊन ठेवली आणि त्याला हलवून म्हणाली, "जरा लक्ष ठेवाल का? मी चहा घेऊन येते."