आकडा चढतो कशाने?

गल्लीच्या कोपऱ्यावर रोज सकाळी केरकचऱ्याचा ढीग पेटायचा आणि हेडक्लार्कांच्या बायकोला खोकल्याची उबळ यायची. शेवटी एका रविवारी हेडक्लार्कांनी ठरवलं, ढीग बंद पाडायचा. त्यासाठी गल्लीला शहाणं करून सोडायचं. (घरात कोणाला शहाणं करणं जमलं नव्हतं, म्हणून गल्ली.)

पण ढीग बंद करायच्या अर्जावर सही देईल ती गल्ली कसली? "धूर काय आजचा आहे का?" असं म्हणून शिंप्याने मशीनवर पाय मारला. तेव्हा हेडक्लार्कांनी प्रयोगशाळेत नोकरीला असलेल्या मेहुण्याकडून हवेतली धूळ मोजायचं यंत्र मागून आणलं. दिसायला साबणाच्या वडीएवढं. आकडा चढला की हवा वाईट, एवढंच त्यातलं शास्त्र.

मग आंघोळ करून, मानेवर सढळ हाताने पावडर थापून (लोककार्याला माणसाने ताजंतवानं जावं) ते घरोघर निघाले. आणि काय सांगावं, जिथे जातील तिथे आकडा सरसर वर. मास्तरीणबाईंच्या लख्ख दिवाणखान्यात तर कोपऱ्यावरच्याहून जास्त. बाईंनी घाबरून सही केली. मग सगळ्यांनीच केली. शिंप्यानेही केली, पण डोकं खाजवत म्हणाला, "तुम्ही यायच्या आधी बरं वाटत होतं हो."

संध्याकाळी सभा भरली. यंत्र टेबलावर, आकडा तीस. हेडक्लार्क भाषणाला उभे राहिले, घाम पुसला आणि रुमाल झटकला. आकडा तीनशे. पहिल्या रांगेत बायकोला खोकला आला. ती उठली, यंत्राकडे बघितलं, नवऱ्याच्या मानेवरून बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं.

"अहो, जरा दारापर्यंत जाऊन या."

ते गेले. आकडा उतरला.

"आता इकडे या."

चढला.

"परत एकदा," मागून कोणीतरी म्हणालं. लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या. हेडक्लार्क मुकाट्याने येरझारा घालू लागले.

"म्हणजे हवा चांगली आहे, माणूस खराब आहे," शिंपी म्हणाला. "माझी सही खोडा."

मास्तरीणबाईंनीही पेन मागितलं. हेडक्लार्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःचं हसू झालं त्याचं काही नाही, पण उद्या सकाळी ढीग पुन्हा पेटणार होता.

"थांबा," बायको म्हणाली. "चिमूटभर पावडरीनं आकडा इतका चढतो. तर मग त्या ढिगानं आपल्या पोराबाळांच्या छातीत काय जात असेल? माझा खोकला धुरानं की यांच्यामुळे, ते मी घरी बघून घेईन."

मग शिंप्याने पेन खाली ठेवलं. ढीग बंद, असं एकमताने ठरलं.

आठवड्याभरात शेजारच्या गल्लीतून फोन आला. हेडक्लार्कांनी घसा खाकरून उचलला. तिकडून आवाज आला, "वहिनींना द्या. आमच्याकडे त्यांचं भाषण ठेवलंय." आणि मग जरा थांबून, "तुम्हीही या. येताना पावडर तेवढी लावून या."