थोडी अडचण आहे

पडद्यावरची पिवळी पट्टी करंगळीएवढी रुंद होती. चूक कोणतीही असो, ती तेवढीच उमटायची आणि तेच म्हणायची: ‘थोडी अडचण आहे. नंतर पुन्हा प्रयत्न करा.’

नोंदी साठवणारा डेटाबेस तसा स्पष्टवक्ता. काय बिघडलं ते तो नेमकं सांगायचा. पण ग्राहकाला घाबरवायचं नाही, असा साहेबांचा हुकूम. म्हणून त्यांच्या कंपनीत प्रोग्राम लिहिणाऱ्या तिने डेटाबेसची प्रत्येक तक्रार वाटेतच पकडून या एका गोड वाक्यात बदलली होती. मूळ तक्रार कुठेच ठेवली नव्हती. वाक्यही साहेबांचंच. नोकरीत कायम कधी करणार, असं तिने विचारलं की ते हेच म्हणायचे.

आज सकाळपासून रक्ततपासणीच्या लॅबमधून फोनवर फोन. एकाही पेशंटची नोंद होत नव्हती.

“ताई, तुमची पट्टी म्हणते पुन्हा प्रयत्न करा. करतेय हो मी!” काउंटरवरची बाई कळवळली. “उपाशीपोटी माणसं बसलीत इथे. एक आजोबा आता मलाच खातील.”

काय बिघडलंय, हे पट्टी तिलाही सांगत नव्हती.

“नेटवर्क!” साहेबांनी निदान केलं. नेटवर्कवाला शिडी लावून ऑफिसच्या छतात कमरेपर्यंत शिरला. पट्टी तशीच. मग साहेबांनी सर्व्हर बंद करून चालू करायला लावला. तो उठेपर्यंत लॅबचे जुने रिपोर्टही दिसेनासे झाले आणि ते आजोबा स्वतः फोनवर आले.

तिने आपल्या संगणकावर ती गोड वाक्याची ओळ पुसली आणि नोंद करून पाहिली. डेटाबेसने तत्काळ सांगितलं: हा नोंदणी क्रमांक आधीच वापरलेला आहे.

तिला एकदम आठवलं. काल चाचणीसाठी तिने क्रमांक पुन्हा एकपासून सुरू केले होते. ते पूर्ववत करायचे राहिले होते. नव्या पेशंटला जुन्याचा क्रमांक मिळत होता आणि डेटाबेस सकाळपासून बिचारा ‘नको, नको’ म्हणत होता.

तिने गुपचूप क्रमांक दुरुस्त केले.

“झालं हो ताई!” फोनवरची बाई ओरडली.

“मी एक केबल घट्ट केली,” छतातून आवाज आला.

“बघ! म्हटलं नव्हतं?” साहेब खुलले. “उद्या सगळ्या केबल बदलून टाकू.”

आता गप्प बसलं की सुटका.

“साहेब, केबल नाही. मी. क्रमांक मी बिघडवले, आणि ती पट्टी नसती तर सकाळीच कळलं असतं. उद्यापासून खरी चूक आपल्याला तरी दिसेल.”

छतातली खुडबुड थांबली.

“आणि मला कायम करणं कुठे अडलंय, तेही खरं सांगा.”

“थोडी अडच...” साहेब अडखळले. छतातून दोन डोळे खाली डोकावले. साहेबांनी कपाळ पुसलं. “घाबरत होतो गं. कायम झालीस की अशीच बोलायला लागशील म्हणून.”

“मग?”

“आता घाबरून काय उपयोग? आजपासून तू कायम.”